वहीची मागची पानं

आमच्या पडवीत फोनशेजारी एक दोनशे पानी वही असते. पुढून उघडली की ऑर्डरी: नाव, गाव, किती बाटल्या, पैसे आले की यायचेत. उलटी धरून मागून उघडली की प्रश्न. लोक फोनवर जे विचारतात ते, त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट. “सोलकढीची पावडर मिळते का?” “आमसूल इतकं काळं कसं, जुनं आहे का?” “यात लाल रंग घालता ना?” “बाटली फ्रीजबाहेर किती दिवस राहील?” “दाभोळच्या फेरीबोटीत मोठी गाडी जाते का?” आमचा कोकमाचा धंदा चालतो तो पुढच्या पानांवर. पण गेली चार वर्षं मी पुढच्या वर्षाची आखणी करते ती या मागच्या पानांवरून.

आखणीचे दिवस आषाढातले. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत या दिवसांत घराबाहेरचं काम म्हणजे लावणी, आणि घरातलं म्हणजे बरण्यांवर लक्ष ठेवणं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम वैशाखातच आटपलेलं असतं. आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, भरून झालेलं, सरबताच्या बरण्यांना कापडाचे दादरे बांधलेले, आमसुलं पिंपात. पागोळ्यांचा आवाज इतका असतो की समोरच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. वीज गेलेली असते. अशा वेळी मी वही उलटी धरते आणि वर्षभरातले प्रश्न वाचायला बसते.

‘ऑरगॅनिक मार्केटिंग’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते बचत गटांच्या एका प्रशिक्षणात. सभागृहात पन्नास-साठ बायका होतो. शिकवणाऱ्या ताईंनी फळ्यावर शब्द लिहिले आणि पुढच्या रांगेतल्या काकींनी लगेच विचारलं, “म्हंजे शेणखतावरचा माल विकायचा ना?” ताई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, शब्द तोच आहे, अर्थ निराळा. पैसे भरून केलेली जाहिरात पैसे संपेपर्यंत दिसते. पैसे न भरता लोक आपल्याला शोधत येतात, दुसऱ्याला सांगतात, परत येतात, त्याला इथे ऑरगॅनिक म्हणायचं. काकी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग ह्यां आमी करतोच की.”

काकींचं अगदी बरोबर होतं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ साली. त्या काळी आमच्या घरचं आगळ एसटीने परळला जायचं. ड्रायव्हरच्या ओळखीवर, गोणपाटात बांधलेल्या बाटल्या. घ्यायला कोणाचा तरी भाचा डेपोत उभा. गणपतीत चाकरमानी आले की जाताना प्रत्येकाच्या पिशवीत एक बाटली, आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या चाळीतल्या शेजाऱ्यांसाठी आणखी एकेक. आईंना कोणी ‘मार्केटिंग’ शिकवलं नव्हतं. पण कुठल्या घरी किती माणसं जेवतात, कोणाकडे आमटीत चिंच पडते आणि कोणाकडे आमसूल, कोणाला पित्ताचा त्रास आहे म्हणून रोज सरबत लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. आजही आहे. एखाद्या वर्षी माल हलका झाला तर त्या स्वतःच सांगायच्या, “यंदा थोडंच न्या, रंग धरला नाही.” त्या वर्षी विक्री कमी व्हायची. पुढच्या वर्षी तीच माणसं यायची.

ही सगळी व्यवस्था ओळखीच्या माणसांपुरती होती. २०२०च्या टाळेबंदीत ती एकदम थांबली. एसटी बंद, चिपळूणच्या ज्या दुकानात आम्ही माल ठेवायचो ते बंद, आणि वैशाख तर आपला वेळेवर आलेला. रातांबे झाडावर थांबत नाहीत. आम्ही नेहमीसारखंच सगळं केलं आणि बाटल्या ओळीने मांगरात लावून ठेवल्या. पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर त्या बाटल्यांचा फोटो टाकला. आंब्याच्या पेट्या घेऊन टेम्पो मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट जात होते, त्यांतून आमचे खोकेही गेले. आणि मग अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. चाकरमान्याच्या शेजाऱ्याची बहीण, तिच्या ऑफिसातली मैत्रीण. या लोकांना आईंनी कधी पाहिलेलं नव्हतं आणि त्यांनी आईंना. म्हणून ते विचारत होते. आईंनी ज्या गोष्टी पन्नास वर्षांत कोणाला सांगितल्या नव्हत्या, कारण गिऱ्हाईकाला त्या माहीतच असायच्या, त्या मला दिवसातून दहा वेळा सांगाव्या लागायला लागल्या. वहीची मागची पानं तेव्हा सुरू झाली.

मध्ये मी पैसे भरून पाहिले, हेही सांगायला हवं. एका उन्हाळ्यात आठ दिवस, रोज दोनशे रुपये. सरबताच्या ग्लासाचा फोटो, वर पाण्याचे थेंब. मेसेज ढिगाने आले, आणि त्यातले बहुतेक एकाच शब्दाचे: “किंमत?” मी किंमत सांगायची, पुढे काही नाही. नवव्या दिवशी फोन शांत. जाहिरातीला मी वाईट म्हणणार नाही. ज्याच्याकडे बारा महिने माल आहे आणि रोज पार्सल बांधायला माणसं आहेत त्याला ती उपयोगी पडेल. आमच्याकडे वर्षाला एकदाच माल होतो, आणि संपला की संपला. मला आठ दिवसांत हजार लोकांना दिसायचं नव्हतं. ज्याला आगळ हवंय त्याला, त्याला हवं असेल त्या दिवशी, सापडायचं होतं.

अडचण अशी की ज्याला आगळ हवंय त्याला ‘आगळ’ हा शब्दच ठाऊक नसतो.

हे मला कळलं एका फोनमुळे आणि एका तक्रारीमुळे. फोन लातूरच्या बाईंचा होता. “ते लाल पाणी पाठवता का हो, सोलकढीचं?” पाच मिनिटं बोलल्यावर उलगडलं की त्यांना आगळ हवं आहे. तक्रार त्यानंतर दोनेक महिन्यांनी आली, गूगलवर, एक तारा देऊन: “सरबत अतिशय खारट. पैसे वाया.” ते वाचून मी रात्रभर झोपले नाही. सकाळी पत्ता बघून पुढची पानं चाळली. त्यांनी घेतलं होतं आगळ. रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. तो त्यांनी थंड पाण्यात ओतला, साखर घातली आणि पाहुण्यांना दिला. चूक त्यांची नव्हतीच. आमच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘कोकम आगळ’ होतं आणि खाली अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, वजन, तारीख. हे कशासाठी आहे, कशासाठी नाही, एक अक्षर नाही. आमच्या घरात तो प्रश्न कधी कोणाला पडलाच नव्हता.

मी त्यांना उत्तर लिहिलं. माफी मागितली, आगळ आणि सरबतातला फरक सांगितला, बदली बाटली पाठवायची तयारी दाखवली. त्यांचं उत्तर आलं नाही. तो एक तारा अजून तिथे आहे. पण त्या आठवड्यात लेबल बदललं: ‘आगळ: सोलकढी आणि सारासाठी. यात मीठ आहे. सरबतासाठी नाही.’ आणि वेबसाइटवर मी पहिला मजकूर लिहिला तो आमच्या घराण्याच्या परंपरेविषयी नव्हता, पुतण्याला तसा हवा होता तरी. मी लिहिलं ‘सोलकढीत आगळ किती घालायचं’. एका नारळाच्या दुधात आगळ एकदम ओतू नका. चमच्या-चमच्याने घाला, रंग फिका गुलाबी झाला की चाखा. मीठ सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा लागतच नाही. लसूण-मिरची ठेचून घालायची की नाही यावर घराघरांत मतं वेगळी आहेत, आमच्याकडे घालतात.

गूगलचं सर्च कन्सोल म्हणून एक फुकट साधन आहे. आपल्या वेबसाइटवर माणसं काय शोधत आली, ते शब्द त्यात दिसतात, मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचे. पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा मला माझी वहीच छापून आल्यासारखं वाटलं. ‘आगळ विकत’ असं शोधणारे मोजके, ते बहुतेक कोकणातलेच असावेत. बाकी सगळे आपापल्या शब्दांनी आलेले. कोणी आमसूल, कोणी आमसुल, कोणी कोकंब. इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांत कोणी दुसऱ्या ‘के’नंतर ‘यू-एम’ करतो, कोणी ‘ए-एम’. सिंधुदुर्गातला माणूस सोलं म्हणतो, गोव्याकडचा भिरंड म्हणतो. झाड एकच. गूगलने २०१७ साली मराठीत बोलून शोधायची सोय केली, तेव्हापासून तर लोक पूर्ण वाक्यंच विचारतात, जशी फोनवर मला विचारतात: ‘कोकम सरबत काळं का पडतं’.

हे पाहिल्यावर दोन टोकांच्या सल्ल्यांपासून मी वाचले. एक म्हणतं, लोक वापरतात तोच शब्द वापरा, आगळ सोडा, ‘कोकम सिरप’ म्हणा. दुसरं म्हणतं, आपला शब्द धरून बसा, लोक शिकतील. मला दोन्ही पटत नाहीत. ज्या बाईला ‘लाल पाणी’ हवंय तिला तिच्या शब्दावर भेटायचं, आणि बाटली हातात ठेवताना सांगायचं की याला आगळ म्हणतात. लातूरच्या बाई आता दरवर्षी होळीनंतर फोन करतात आणि म्हणतात, “आगळ तयार आहे का?” त्या शब्दासाठी मला आनंद होतो, विक्रीइतकाच.

बाटलीवर ‘ऑरगॅनिक’ मात्र मी लिहीत नाही. आमच्या रातांब्याच्या झाडांना कोणी औषध मारत नाही, खतही पालापाचोळ्याचंच. तरी तो शब्द खाण्याच्या मालावर लावायचा तर त्याला प्रमाणपत्राची व्यवस्था आहे: एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया, आणि ‘जैविक भारत’चं चिन्ह. ते आमच्याकडे नाही. तेव्हा विचारणाऱ्याला मी झाडं कुठे आहेत, त्यांना काय घालतो आणि काय नाही, तेवढं सांगते. तसंच भौगोलिक मानांकनाचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला ते आहे, हापूसला २०१८ साली मिळालं. पण ते चिन्ह लावायला उत्पादकाने आपली नोंदणी करून घ्यावी लागते. शेजारच्या बागेला मिळालं म्हणून आपल्या पेटीवर छापता येत नाही. परप्रांतातला आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो तेव्हा आपण सगळे चिडतो. मग निदान आपल्या लेबलवर आपण तसं काही करू नये.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला आंबापोळीचं एक पाकीट देईन, असं खोक्यात चिठ्ठी घालून कळवलं होतं. मला ते पाहुण्याला खाऊ द्यावा तसं वाटलं. पुढे वाचनात आलं की गूगलच्या नियमांत ते बसत नाही. मोबदला देऊन प्रतिक्रिया मागायची नाही. आणि विचार केल्यावर पटलंही. खाऊ हातात ठेवून ‘कसं झालंय’ विचारलं तर कोण खरं बोलेल? चिठ्ठी बंद केली. आता फक्त म्हणते, “जसं लागलं तसं लिहा.” येणाऱ्या प्रत्येक मजकुराला उत्तर देते, चार ओळींत, त्या माणसाने काय नेलं होतं ते आठवून.

गूगलच्या नकाशावरची नोंद ही माझ्या मते छोट्या धंद्याने सगळ्यांत आधी करायची गोष्ट. फुकट आहे. २०२१च्या अखेरीपासून तिला ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. आमची नोंद झाली तेव्हा नकाशावरची खूण पलीकडच्या वाडीवर पडली होती, आणि गाड्या त्या अरुंद पाखाडीच्या तोंडाशी येऊन अडकायच्या. तिथल्या काकांनी महिनाभर लोकांना बोटाने रस्ता दाखवला. खूण सरकवली, दाराचा, खळ्याचा, गाडी लावायच्या जागेचा फोटो घातला, पावसाळ्यातल्या वेळा वेगळ्या लिहिल्या. नावात मात्र ‘उत्तम कोकम गुहागर’ वगैरे घुसडलं नाही. नाव पाटीवर आहे तेच तिथे हवं, असा नियमच आहे. जवळपास शोधणाऱ्याला कोण दिसावं हे गूगल तीन गोष्टींवरून ठरवतं: शोधाशी मेळ किती, अंतर किती, आणि लोकांत नाव किती. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टींत आपण काही करू शकतो, आणि त्यांतलं लोकांतलं नाव सावकाशच होतं.

याच काळात मला एका गृहस्थांचे फोन यायचे. महिन्याला अमुक रुपये द्या, तुम्हाला गूगलवर पहिल्या नंबरला आणतो, खात्रीने. वेबसाइटच्या आत न दिसणारे शेकडो कीवर्ड, म्हणजे शोधायचे शब्द, भरू म्हणाले. मी वाचून ठेवलं होतं. कीवर्डच्या त्या छुप्या खणाकडे आपण बघतच नाही, हे गूगलने २००९ सालीच सांगितलंय, आणि पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही गूगलच सांगतं. चांगलं काम केलं तरी परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं त्यांच्याच माणसांनी म्हटलेलं आहे. चार महिने ते वर्ष. हे वाचल्यावर मला सगळ्या आखणीची किल्ली सापडली.

कारण आमचं काम आणि लोकांचं शोधणं एका महिन्यात येत नाही. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये. पण ऊन तापायला लागतं फाल्गुनात, आणि लोक सरबत शोधायला लागतात तेव्हाच. लोक काय, कधी शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर कोकमाचा आलेख बघावा, उन्हाबरोबर चढतो. त्या वेळी आमच्याकडे असतं ते गेल्या वैशाखातलं, आणि तेही संपत आलेलं. पहिल्या दोन वर्षी मी सगळं लिखाण मे महिन्यात करायला बसले, हात रातांब्यांनी लाल, मान मोडेपर्यंत काम, आणि रात्री जागून मोबाइलवर टाइप. ते लोकांपर्यंत पोचायला दिवाळी उजाडली. दिवाळीत कोण सरबत शोधतो?

म्हणून आषाढ. वीज असेल त्या दुपारी मी वहीतले प्रश्न निवडते. जो प्रश्न तिघांनी विचारला तो घ्यायचाच. एकानेच विचारला पण मला उत्तर देता आलं नाही, तोही घ्यायचा, कारण त्यासाठी आईंना किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारावं लागतं आणि मलाही काही कळतं. ‘रातांब्याचं झाड लावलं, सात वर्षं झाली, फळ का नाही?’ हा असाच प्रश्न होता, पेणच्या एका काकांचा. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बियांपासून लावलेलं कुठलं निघेल ते फुलोरा आल्याशिवाय कळत नाही. म्हणून विद्यापीठाची ‘कोकण अमृता’सारखी कलमं लावायची. यावर लिहिलं. या मजकुराने एक बाटली विकली गेली असेल असं मला वाटत नाही. तरी तो राहू देणार. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे.

आषाढ-श्रावणात लिहिलेलं दिवाळीपर्यंत गूगलला ओळखीचं होतं आणि फाल्गुनात लोकांना सापडतं. भाद्रपदात मी काही लिहीत नाही. गणपतीत घर भरलेलं असतं, आणि त्या दहा-बारा दिवसांत खळ्यात जे बोललं जातं त्याची बरोबरी कुठलाही मजकूर करू शकत नाही. फक्त बाटल्या भरून ठेवायच्या आणि कान उघडे ठेवायचे. मार्गशीर्षात थंडी पडली की कोकमतेलाची विचारणा सुरू होते, टाचांच्या भेगांसाठी. माघात यादी काढून जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. हे बंधन मला आवडतं. नंबर साठवून ठेवणं म्हणजे त्यांनी दार उघडं ठेवलंय. वर्षात तीन निरोपांवर मी जात नाही.

आमच्या वेबसाइटवर सर्वांत जास्त वाचलं जातं ते कोकमाविषयीचं नाहीच. ‘दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडी घेऊन गुहागरला कसं यावं’ हे आहे ते. वहीत तो प्रश्न इतक्या वेळा आला होता की एकदाचं लिहून टाकलं: दापोलीकडून येताना खाडीला वळसा पडत नाही, गाडी बोटीत चढते, सुट्टीत रांग लागते, समुद्र खवळलेला असेल तर आधी चौकशी करा. पुतण्या आकडे बघून खूश झाला. मी फारशी नाही. आकडा मोठा आहे, पण फेरीबोटीचं वाचून निघून गेलेला माणूस आगळ घेत नाही. काही जण मात्र वाटेत थांबतात. व्याडेश्वराचं दर्शन, समुद्र, आणि मग आमच्या खळ्यात एक ग्लास सरबत. त्यांच्यातल्या एका कुटुंबाने पुढे आपल्या सोसायटीसाठी चाळीस बाटल्या नेल्या. तेव्हा बघणाऱ्यांचा आकडा एका बाजूला आणि परत येणाऱ्यांचा दुसऱ्या बाजूला, असं मी वहीत वेगळं लिहिते. दुसरा आकडा लहान असतो. मी त्याच्यावर चालते.

व्हिडिओंचंही तसंच झालं. पुतण्याने रातांबे फोडतानाचा छोटा व्हिडिओ केला होता, मागे गाजलेलं गाणं, भराभर बदलणारी दृश्यं. हजारोंनी पाहिला. ऑर्डर एकही आली नाही. नंतर एकदा आई आगळाची बाटली हातात धरून शेजारणीशी बोलत होत्या, ते त्याने सहज टिपलं. चाळीस सेकंद. “बाटली आधी हलवायची, खाली साका बसतो तो टाकायचा नाही. आणि स्टीलच्या चमच्यानं काढलंत तर चमचा धुऊन कोरडा करा हो, पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका.” एवढंच. पाहणारे थोडे होते. पण तो घराघरांच्या ग्रुपवर फिरला, आयांनी मुलींना पाठवला, आणि आजही एखादी नवी बाई फोनवर म्हणते, “त्या साका म्हणणाऱ्या आजी तुमच्याच ना?”

वहीत २०२५ सालचं एक पान वेगळं आहे. मे २०२५च्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस लागला. २६ तारखेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. इतक्या लवकर तो तिथे पोचल्याची नोंद याआधी नव्हती. आमची निम्मी झाडं तेव्हा फळांनी लाल होती. आगळाला ऊन कमी लागतं, ते थोडं तरी झालं. आमसुलाला ऊन हवंच. साल रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची, अशी चार-पाच पुटं चढली की ते काळंभोर आणि मऊ होतं. त्या वर्षी दुसऱ्या पुटालाच आभाळ भरलं. चुलीच्या धगीवर वाळवून पाहिलं. आईंनी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि मान हलवली. “धुराचं झालंय. हे द्यायचं नाही.”

जूनमध्ये मी निरोप पाठवला. वर्षातल्या तीनपैकी एक त्यासाठी खर्च केला. “यंदा आमसूल नाही. पावसात वाळलं नाही. आगळ थोडं आहे, सरबत थोडं आहे. ज्यांना आमसूल हवंच आहे त्यांच्यासाठी ओळखीच्या दोन घरांचे नंबर विचारा, त्यांच्याकडे पावसाआधीचा माल आहे.” पाठवताना बोट अडखळलं, खरं सांगते. दुसऱ्याचं दार आपणच दाखवायचं? पण मागच्या पानांवर नाहीतर काय लिहिलं असतं? ‘आमसूल कधी येणार’, ‘कोणाकडे मिळेल’, हेच ना. संध्याकाळपर्यंत बारा जणांनी ते नंबर मागून घेतले. सहा जणांनी आगळाची ऑर्डर दिली. लातूरच्या बाईंनी लिहिलं, “पाऊस कमी झाला का? आजी बऱ्या आहेत ना?”

हे लिहीत असताना आत्ताच फोन वाजला. पुण्याचा मुलगा, पंचविशीतला असेल. सोलकढीचं वाचून नंबर मिळाला म्हणाला. त्याची पणजी रत्नागिरीकडची होती. ती उन्हाळ्यात कोकमाचं काहीतरी प्यायला करायची, त्यात नारळ नसायचा, जिरं आणि हिंग असायचं. नाव आठवत नाही. घरात आता सांगणारं कोणी उरलेलं नाही. त्याला काय म्हणतात, आणि कसं करतात?

मला अंदाज होता, पण खात्री नव्हती. वही उलटी करून प्रश्न लिहून घेतला, तारीख घातली, आणि माजघरात आवाज दिला. आईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तिवळ,” त्या म्हणाल्या. मग हात पुसून माझ्यापुढे केला. “अगो, फोन दे इकडे. मीच सांगते.”